पोटात वाढ खुंटलेलं बाळ आणि तिसऱ्या महिन्यातली चुळबुळ

कराड, मिरज, सांगली किंवा साताऱ्याच्या रुग्णालयातून कमी वजनाचं बाळ घरी निघतं, तेव्हा आईबापांना एकच गोष्ट तोंडपाठ झालेली असते: वजन. अमुक ग्रॅमला पेटीत ठेवलं, एवढं भरलं तेव्हा सोडलं. पुढे आशाताई घरी येते तीही काटा घेऊन, आणि आजीचा पहिला प्रश्न असतो, ‘किती भरलं?’ वजन महत्त्वाचं आहेच. पण आईच्या मनातला खरा प्रश्न वेगळा असतो आणि तो ती सहसा तोंडाने विचारत नाही. हे लेकरू मान धरेल ना, चालेल ना, शाळेत इतरांच्या बरोबरीने बसेल ना? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर फार वेळा वर्ष-दीड वर्षानंतर मिळतं, मूल चालत नाही म्हणून दवाखान्यात आणल्यावर. तोवर ‘याचा बापही उशिराच चालला होता’ यावर घर धीर धरून बसतं.

या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, बाळाला हातही न लावता, नुसतं नीट पाहून मिळू शकतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संशोधनाने हे दाखवून दिलं आहे. आणि त्यासाठी लागणारी भेट आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकात आधीच लिहिलेली आहे. हे दोन धागे सातारा-सांगलीच्या जमिनीवर एकत्र आणता येतात का, आणि आणले तर त्यातून किती अपेक्षा ठेवावी, याचा हा आढावा.

आधी बाळं कोणती ते पाहू. कमी वजनाची सगळी बाळं सारखी नसतात. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं सतराशे ग्रॅमचं बाळ लवकर आलेलं आहे, पण त्याच्या दिवसांच्या मानाने त्याचं वजन ठीक आहे. एकोणचाळिसाव्या आठवड्यात जन्मलेलं एकवीसशे ग्रॅमचं बाळ दिवस भरून आलं आहे, पण पोटात त्याची वाढ मागे राहिली. तेहतिसाव्या आठवड्यात बाराशे ग्रॅमचं जे येतं, त्याच्यावर दोन्ही ओझी आहेत. ठरावीक आठवड्याच्या शंभर बाळांत जी सर्वात हलकी दहा, ती ‘दिवसांच्या मानाने लहान’ धरायची असा प्रघात आहे. त्यातली काही आईबापांच्या बांध्यावर गेलेली, मुळातच लहान पण निरोगी असतात. उरलेल्यांची वाढ खरोखर खुंटलेली असते. हा फरक जन्मानंतर काट्यावर कळत नाही. तो गरोदरपणातल्या लागोपाठच्या सोनोग्राफीत आणि डॉपलरने पाहिलेल्या नाळेच्या रक्तप्रवाहात दिसतो.

वाढ खुंटण्याचं मूळ बहुतेक वेळा वारेत असतं. आईचा रक्तदाब, अंगात रक्त कमी असणं, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर नसणं, सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत शेतात वाकून काम करणं, कमी खाणं, अशी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. आपल्या भागात मशेरीचं नाव वेगळं घ्यायलाच हवं. भाजलेल्या तंबाखूने दात घासणाऱ्या अनेक बायकांना ते तंबाखूचं व्यसन वाटतच नाही, आणि डॉक्टरने ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं तर त्या मनापासून ‘नाही’ म्हणतात. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या अभ्यासात, न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत ‘मशेरी लावता का’ हा प्रश्न याच शब्दांत विचारायला हवा.

संख्या किती? कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०१० साली दिवसांच्या मानाने लहान अशी सुमारे ३ कोटी २४ लाख बाळं जन्मली, असा अंदाज लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये मांडला गेला. त्यात एकट्या भारताची सुमारे १ कोटी २८ लाख. पुढे मोजपट्टी बदलली. निरोगी, चांगलं पोषण मिळालेल्या आयांच्या बाळांवरून आठ देशांत ‘इंटरग्रोथ-२१’ ही प्रमाणं तयार झाली, त्यात भारताचं केंद्र आपलं नागपूर होतं. ती लावल्यावर एकूण आकडा २०१२ सालासाठी सुमारे २ कोटी ३३ लाखांवर आला. आकड्यांच्या या घसरणीपेक्षा मला एक जुनी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: यातली बहुसंख्य बाळं दिवस भरून जन्मतात. ती पेटीत जात नाहीत. आईच्या कुशीत दोन-तीन दिवस राहून थेट घरी जातात, आणि अतिदक्षता कक्षातून सुटलेल्या बाळांसाठी जी फेरतपासणी असते तिच्या यादीत त्यांचं नाव नसतं.

या बाळांच्या मेंदूचं काय होतं? रक्तपुरवठा आटला की गर्भ असलेलं रक्त मेंदू, हृदय यांच्याकडे वळवतो आणि हातापायांची, यकृताची वाढ थांबवतो. म्हणून यांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं. डोकं वाचलं म्हणजे मेंदू वाचला, अशी पूर्वी समजूत होती. आता ती टिकत नाही. मेंदूकडे जादा रक्त वळवावं लागणं हीच अडचणीची खूण आहे, आणि ती दिसलेल्या बाळांत पुढे शिकण्याच्या, लक्ष देण्याच्या अडचणी जास्त आढळतात. सेरेब्रल पाल्सीचाही, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालीत येणाऱ्या कायमच्या अपंगत्वाचाही, संबंध आहे. युरोपातल्या नोंदवह्यांवरून २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या विश्लेषणात ३२ ते ४२ आठवड्यांत जन्मलेल्या, सर्वात हलक्या दहा टक्क्यांतल्या बाळांना हा धोका मधल्या वजनाच्या बाळांपेक्षा चार ते सहा पट दिसला. चार-सहा पट म्हटलं की घाबरायला होतं. पण मुळातला धोका हजारात दोन-तीन मुलांचा असल्याने यांच्यातलीही बहुतेक मुलं धावतात, खेळतात. आईशी बोलताना हे दोन्ही सांगावं, फक्त पहिलं सांगू नये.

आता हालचालीकडे. हाइन्झ प्रेख्टल हे मूळचे ऑस्ट्रियाचे, पुढे नेदरलँड्समधल्या खोनिंगेन इथे काम केलेले मेंदूविकासाचे अभ्यासक. त्या काळात बाळाची मज्जासंस्था तपासायची म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया काढायच्या: तळपायाला खाजवायचं, डोकं मागे सोडून दचकवायचं, गुडघ्यावर ठोकायचं. प्रेख्टल यांनी उलटा मार्ग धरला. बाळाला काहीच करायचं नाही, ते आपणहून काय करतं ते पाहायचं. १९८२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीवर गर्भाच्या हालचालींचा क्रम मांडला. गर्भ अगदी पहिल्या तिमाहीत, हातपाय नीट आकाराला येताहेत तोच, सर्वांगाने हलू लागतो. कुणी हात लावला म्हणून नव्हे. मेंदूच्या बुंध्यातली आणि मज्जारज्जूतली जाळी स्वतःच ही हालचाल निर्माण करतात आणि वरचा मेंदू तिला वळण देतो. म्हणून वरच्या मेंदूला किंवा तिथून खाली उतरणाऱ्या मार्गांना इजा झाली की हालचाल थांबत नाही, तिची गुणवत्ता बिघडते.

निरोगी बाळाची ही हालचाल पाहत राहावी अशी असते. जन्मानंतरचे पहिले दोनएक महिने ती संथ, पीळ देत गेल्यासारखी असते. हात, पाय, मान, धड यांत फिरते, वाढते, ओसरते, आणि दोनदा सारखी होत नाही. साधारण नवव्या आठवड्यापासून, पूर्ण दिवसांच्या हिशेबाने, म्हणजे दिवस भरण्याच्या तारखेपासून मोजून, चित्र बदलतं. बाळ जागं आणि शांत असताना त्याच्या मान, मनगटं, घोटे, खांदे, कंबर या सगळ्यांत बारीक, अखंड, सर्व दिशांना जाणारी चुळबुळ सुरू होते. बारा ते सोळा आठवड्यांत ती भरात असते, वीस आठवड्यांच्या सुमारास बाळ हेतूने हात पुढे करू लागलं की विरते. घरातल्या बायांनी ती हजारदा पाहिलेली असते. तिचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

बिघाड दिसतो तो मुख्यतः तीन रूपांत. सुरुवातीच्या आठवड्यांत हालचाल एकसुरी होते, तोच तोच क्रम. हे खूप बाळांत दिसतं आणि एकट्याने फार काही सांगत नाही. दुसरं जास्त गंभीर: सगळं अंग एकदम ताठ होतं आणि एकदम सैल पडतं, त्यात लय उरत नाही; आठवडेच्या आठवडे असंच राहिलं तर ती धोक्याची खूण. तिसरं, आणि सर्वात महत्त्वाचं, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात चुळबुळ नसणं. १९९७ मध्ये प्रेख्टल, क्रिस्टा आइनस्पीलर आणि इतरांनी लॅन्सेटमध्ये १३० बाळांचा अभ्यास छापला. नीट चुळबुळ असलेल्या ७० बाळांपैकी ६७ दोन वर्षांची झाली तेव्हा मज्जासंस्थेच्या तपासणीत निरोगी होती. चुळबुळ नसलेल्या किंवा विकृत असलेल्या ६० पैकी ५७ मध्ये दोष निघाला. पुढे २०१७ मध्ये इओना नोव्हाक यांच्या गटाने जगभरचं संशोधन तपासून सांगितलं की पाच महिन्यांआधी सेरेब्रल पाल्सी ओळखायची तर हालचालींचं हे निरीक्षण, एमआरआय आणि लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिली डुबोविट्झ यांनी घडवलेली तपासणी, ही तीन साधनं सर्वात भरवशाची.

या पद्धतीचा खर्च जवळपास शून्य आहे. बाळ पोटभर प्यालेलं, जागं, न रडणारं; पाठीवर, पातळ कपड्यात, समोर खुळखुळा नाही, कुणी बोलत नाही; वरून तीन ते पाच मिनिटांचं चित्रण. दुपट्यातून मोकळं केलेलं मात्र असावं, कारण आपल्याकडे बाळ घट्ट गुंडाळून ठेवण्याची रीत आहे. खर्च आहे तो पाहणाऱ्या डोळ्याचा. त्याला रीतसर प्रशिक्षण लागतं.

वाढ खुंटलेल्या बाळांत ही पद्धत काय सांगते? खोनिंगेनच्या आरेंड बोस यांच्या गटाने आणि तेल अवीवच्या अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न घेतला. दोघांच्या कामाचा सूर जुळतो. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत या बाळांची हालचाल बऱ्याचदा निकृष्ट दिसते. उपासमारीतून आलेलं, कधी साखर कमी झालेलं, कधी रक्त घट्ट झालेलं शरीर असतं ते. त्यातल्या पुष्कळांची हालचाल पुढे सुधारते. म्हणून पहिल्या आठवड्यात वाईट चित्र दिसलं की आईला भाकीत ऐकवणं चुकीचं आणि क्रूर आहे. तेल अवीवमध्ये दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा केल्यावर सर्वात नेमका अंदाज चुळबुळीच्या टप्प्यानेच दिला.

मात्र इथे एक सावधगिरी हवी, जी उत्साहाच्या भरात विसरली जाते. ६० पैकी ५७ हा आकडा मेंदूला इजा झालेली बाळं भरपूर असलेल्या गटातला आहे. समजा गावोगावची दिवस भरून आलेली एक हजार हलकी बाळं तपासली, त्यातल्या दहांना खरोखर सेरेब्रल पाल्सी होणार आहे, आणि तपासणीने दहाही ओळखली. उरलेल्या ९९० पैकी चार टक्क्यांवर जरी चुकून बोट ठेवलं गेलं, तरी चाळीस निरोगी घरांत रडारड होईल. म्हणून एका चित्रणावर निकाल लावायचा नाही. चुळबुळ दिसली नाही तर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं, सोबत हॅमरस्मिथची तपासणी करायची, डोक्याचा घेर पाहायचा, आणि मगच पुढे पाठवायचं.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे आणि तिच्यासाठी पुण्याकडे वळावं लागतं. केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो मुलं सज्ञान होईपर्यंत चालवला. भारतासारख्या देशात, घरं बदलणाऱ्या, गावी निघून जाणाऱ्या कुटुंबांना अठरा वर्षं धरून ठेवणं हे काम किती चिकाटीचं आहे, याची कल्पना ते करणाऱ्यालाच येईल. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ होता, सोबतच्या पूर्ण वजनाच्या मुलांचा ९७.२. सर्वात मागे होती ती लवकर जन्मलेली आणि शिवाय वाढ खुंटलेली मुलं, ८५.४. डोळा आणि हात यांचा मेळ, हालचालीतलं कौशल्य, गणित यांतही ती कमी पडत होती. ही मुलं चालत होती, बोलत होती, शाळेत जात होती. सरासरी बुद्ध्यांक ‘ठीक’ याच पट्ट्यात येत होता. वर्गात मात्र ती मागच्या बाकावर जाऊन बसत होती.

म्हणजे वाढ खुंटलेल्या बहुतेक बाळांच्या वाट्याला येणारी अडचण ही सेरेब्रल पाल्सीची नसते. ती बारीक असते, उशिरा उघडी पडते, आणि ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून मारही खाते. चुळबुळ असणं हा मोठा दिलासा आहे, पण तो सेरेब्रल पाल्सीपुरता. चुळबुळ होती म्हणून पुढच्या भेटी बंद करणं ही या पद्धतीच्या नावाने होऊ शकणारी सर्वात मोठी हानी ठरेल. चुळबुळीसोबत इतर हालचाली, अंग ठेवण्याची ढब यांना गुण देऊन २८ पैकी मोजमाप करण्याची रीतही आता आली आहे, आणि बारीक अडचणींचा अंदाज तिच्यातून थोडा अधिक मिळतो. तरीही सहाव्या महिन्यानंतर साधनं बदलावीच लागतात. तिरुवनंतपुरमचा सतरा प्रश्नांचा तक्ता अंगणवाडीताईही भरू शकते. सविस्तर तपासणीसाठी डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर प्रमाणित केलेली मोजपट्टी आहे, जी आपल्या विकास-तपासणी केंद्रांत ‘दासी’ या आद्याक्षरांच्या नावाने ओळखली जाते. हालचालीसाठी कॅनडातल्या अल्बर्टाची ५८ बाबींची पट्टी फिजिओथेरपिस्ट वापरतात. आणि शाळेत घालायच्या वयाला एकदा तरी पेन्सिल धरायला लावून, आकृती काढायला लावून पाहायला हवं. पुण्याची मुलं नेमकी तिथेच अडली होती.

आता हे सातारा-सांगलीत कुठे बसतं ते पाहू. लसीकरणाच्या भेटी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. दिवस भरून आलेल्या बाळाचा चौदावा आठवडा हा चुळबुळीच्या भरातला काळ. त्या दिवशी बाळ उपकेंद्रावर येतंच, कारण लस चुकवायची नाही हे आता घराघरांत ठसलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून जन्मलेली, १९९९ मध्ये लॅन्सेटमधून जगापुढे गेलेली घरोघरच्या नवजात सेवेची कल्पना पुढे देशभर आशाताईंच्या हाती आली. तिच्या भेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात, पण २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच भेटी ठरवल्या आहेत. म्हणजे तिसऱ्या महिन्यात आशाताई दारात असते, चौदाव्या आठवड्याला बाळ उपकेंद्रात असतं. यात भर फक्त मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या चित्रणाची. चित्रण लस टोचण्याआधी करायचं. रडणाऱ्या बाळात काही दिसत नाही.

ते पाहणार कोण? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, आणि त्यात प्रत्येक जिल्ह्याला विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ अशी रचना सांगितली आहे. आपल्या पट्ट्यात तर कराडचं कृष्णा, सांगलीचं भारती विद्यापीठ, मिरजेचं शासकीय महाविद्यालय अशी बालरोग विभाग असलेली मोठी ठिकाणं एकमेकांपासून दोन-अडीच तासांच्या आत आहेत. दोन्ही जिल्ह्यांत मिळून चार-सहा जणांना या निरीक्षणाचं रीतसर प्रशिक्षण दिलं, तर माण-खटाव, आटपाडी, जत, पाटणहून आलेली चित्रणं तेच पाहू शकतील. आईला बाळ घेऊन दोन एसट्या बदलायची गरज पडेल ती फक्त शंका असलेल्या बाळांसाठी.

लवकर जन्मलेल्या बाळाचा हिशेब मात्र वेगळा, आणि इथे चूक सहज होते. आठ आठवडे आधी आलेल्या बाळाची चुळबुळ पाहायची ती जन्मानंतर वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान. चौदाव्या आठवड्याच्या लसीच्या दिवशी त्याची पाहणी केली तर ते पूर्ण दिवसांच्या हिशेबाने सहाच आठवड्यांचं असतं. चुळबुळ नसणारच, आणि आई विनाकारण हादरेल. सदतिसाव्या आठवड्यातलं बाळही चौदाव्या आठवड्याला काठावर असतं. म्हणून घरी सोडतानाच डॉक्टरने दिवस मोजून, चित्रणाची नेमकी तारीख माता-बाल कार्डावर लिहून द्यावी.

शंका खरी ठरली तर पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. आईचं दूध, कांगारूसारखं उराशी धरणं, बाळाशी बोलणं, त्याला स्वतःहून हात पुढे करायला लावणारे खेळ, हे लवकर सुरू केल्याचा फायदा आहे. लवकर जन्मलेल्या बाळांवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन आढावा सांगतो की अशा कार्यक्रमांचा बुद्धिविकासावरचा परिणाम शाळेपूर्वीच्या वयापर्यंत दिसतो, हालचालीवरचा कमी. चमत्कार कुणी कबूल करू नये. पण मान न धरणाऱ्या मुलाला दीड वर्षाचं झाल्यावर पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडे आणणं आणि चौथ्या महिन्यात आणणं, यात आखडलेल्या सांध्यांचा, निखळू पाहणाऱ्या खुब्याचा आणि थकून गेलेल्या आईचा फरक असतो. आणखी एक गोष्ट डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासाने शिकवली आहे: आपली हलकी बाळंही अंगात चरबी धरून जन्मतात, आणि पुढे मधुमेहाकडे झुकतात. मेंदूसाठी म्हणून पावडरीचे डबे ओतून वजन फुगवण्याचा सल्ला म्हणूनच धोक्याचा.

अडचण उरते ती माणसांच्या फिरण्याची. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि तिसऱ्या महिन्यात मुलगी बाळ घेऊन सासरी परतते, म्हणजे पाहणीच्या नेमक्या आठवड्यांत आशाताई बदलते, तालुका बदलतो, कधी जिल्हाही. त्याहून कठीण ऊसतोडीच्या टोळ्यांचं. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, जतकडून कोयते येतात, कराड-वाळव्याच्या फडात बाळंतपणं होतात, आणि पाचटाच्या खोपीत वाढणारं हे बाळ जन्मतःच हलकं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कारखान्याचा पट्टा पडला की टोळी चार दिवसांत निघून जाते. त्या बाळाचा चौदावा आठवडा फडात येईल की गावाकडच्या वस्तीवर, हे गाळपावर ठरतं. अशा आईला चित्रण कसं करायचं हे रुग्णालयातून निघतानाच तिच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर करून दाखवावं, तारीख त्याच फोनमध्ये गजर लावून द्यावी, आणि पाठवायचा क्रमांक असा असावा की तो कराडलाही उचलला जाईल आणि केजलाही.